काचेसमोरची पाच रोपं

बागेची डिझायनर काहीही विचारो, मी "चालेल" म्हणत होते. नवरा जाऊन आठ महिने झाले होते आणि तेवढा एकच शब्द माझ्याकडे शिल्लक होता. भाजी कोणती करू, असं जाऊबाईंनी विचारलं तरी चालेल. वैतागल्या बिचाऱ्या.

घर उलव्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. ते सगळं त्याचं वेड. सपाट छप्पर, गिलावा न केलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि हॉलला या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. मला ते पाण्याच्या टाकीसारखं दिसायचं, तसं मी तोंडावर सांगितलंही होतं. "झाडं वाढू दे, मग बोल," तो म्हणाला. काच बसायच्या आधीच एका रविवारी तो एकटा गेला आणि तिच्या जागेसमोर पाच रोपं लावून आला. बकुळ, कदंब, सीताफळ, दोन जांभळं. हाताला आलेले फोड मला कौतुकाने दाखवले. महिन्याभरात हार्ट अटॅकने गेला.

रोपं मेली नाहीत, पण वाढलीही नाहीत. अख्खा पावसाळा पिऊन गुडघ्याएवढीच राहिली.

"मॅम, घर इतकं सरळ, साधं आहे, बागेने त्याच्याशी भांडायला नको," डिझायनरने टॅबवर चित्र दाखवलं. काचेसमोर खडी, उंच गवत, एक पांढरा चाफा. "ही रोपं काढू. इथली माती खारट असणार."

चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. चालेल म्हटलं. मग म्हटलं, "रोपं काढायची नाहीत."

तिने टॅब खाली केला. "मग ती जगायला तरी हवीत ना, मॅम?"

बरोबरच होतं तिचं. शेवटी ठरलं की शेजारच्या गावातल्या एका आजींना दाखवायचं. जन्मभर भातशेती केलेली बाई. त्यांनी आशा नाही म्हटलं, तर काढायची. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. ते जाणार म्हटल्यावर रडू यायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही झालं नाही.

आजींनी खुरपं घातलं, बकुळीच्या बुडाशी माती उकरली आणि रोप सरळ वर उचललं. खाली नर्सरीची काळी पिशवी, जशीच्या तशी. आत मुळं गोल गोल फिरून दोरखंड झालेली.

"मातीला कशाला नावं ठेवता गो? पिशवी तशीच हाय!" आजी म्हणाल्या. दुसरं काढलं. तिथेही पिशवी. पाचही तशीच. "शिकलेला मानूस ना तुजा?"

डिझायनरने हसू लपवायला तोंड फिरवलं. मला मात्र क्षणात कळलं. हा वेंधळेपणा नव्हता. अठरा वर्षं आम्ही भाड्याने काढली, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. तुर्भे, बोनकोडे, कोपरखैरणे. टेम्पोत आधी त्याच्या कुंड्या चढायच्या. भिंतीला त्याने कधी खिळा ठोकला नाही, कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकायचं. "उचलता आलं पाहिजे, उद्याचं काय सांगावं?" हे त्याचं पालुपद. स्वतःच्या जमिनीतही त्याने उचलून नेता येतील अशीच झाडं लावली होती.

"अरे, आता कुठे जायचं होतं आपल्याला?" मी त्या दोघींसमोर मोठ्याने ओरडले. इतका राग आला मला त्याचा. आजींनी खुरपं माझ्या हातात दिलं.

मी पिशव्या फाडल्या. मुळं सोडवताना काही तुटली. "तुटूं दे," आजी म्हणाल्या, "नवी येतील." डिझायनरने हळूच विचारलं, उरलेलं उद्या करायचं का. मी नाही म्हटलं. पाचही रोपं आम्ही त्याच खड्ड्यांत लावली, आणि माती दाबताना मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या देत होते आणि रडत होते.