साचेबाईंचा एकच साचा

एकदा केलेलं काम पुन्हा करायचं म्हटलं की साचेबाईंच्या कपाळाला आठी पडायची. ऑफिसात हे नाव त्यांना उगीच नव्हतं पडलं. समारंभांचं सामान पुरवणाऱ्या दुकानासाठी प्रोग्रॅम लिहायचा होता: केक, फुलं, भाड्याच्या खुर्च्या. दुसऱ्या कुणी तीन क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधले तीन वेगळे साचे, लिहिले असते. बाईंनी कशालाही चालणारा एकच जेनेरिक क्लास लिहिला, ‘स्टॉक’, आणि म्हणाल्या, आत हवं ते भरा. वर आठवडाभर मिरवल्या!

आज भरदुपारी तोच स्टॉक कोसळला. आणि आजच चार वाजता लेकीचं शाळेत नाटक. गेल्या वर्षीचं हुकलं होतं. लेकीने सकाळीच बजावलं होतं, “यंदा नाही आलीस ना, तर कट्टी. कायमची.” बाईंनी प्रोग्रॅमच्या नोंदींचा लॉग उघडला. ‘स्टॉक: मोजणी फसली. स्टॉक: मोजणी फसली.’ पानभर तेच!

“अहो बाई, पण कुठला स्टॉक?” साहेबांनी विचारलं. “केकचा की खुर्च्यांचा?”

बाईंनी डोक्याला हात लावला. या नोंदी करणारा लॉगर नाव फक्त क्लासचं घेत होता, आणि क्लासच्या आत काय भरलंय ते मेला खुशाल गाळून टाकत होता. शेवटी बाईंनी हातानेच नावं दिली: ‘स्टॉक, आत केक’, ‘स्टॉक, आत फुलं’, ‘स्टॉक, आत खुर्च्या’. प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि खुर्च्या पकडल्या गेल्या. कुणा शहाण्याने अडीच खुर्च्या मागवल्या होत्या! अर्ध्या खुर्चीची सोय बंद करून बाई पर्स उचलून पळत सुटल्या.

पोहोचल्या तेव्हा पडदा वर जात होता. हुश्श! पण समोर बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. रंगमंचावर जंगल होतं. सगळी झाडं सारखी, डोक्यापासून पायापर्यंत कापडात, डोळ्यांपुरती दोन भोकं. हे कपडे बाईंनीच हौसेने शिवून दिले होते. अर्थात, एकाच मापाचे. आता यातली आपली कुठली? भलत्याच झाडाला हात केला तर संपलंच.

“अगं बाई गं,” त्या पुटपुटल्या, “माझं मलाच भोवलं.”

तेवढ्यात कडेचं झाड वळलं. खोडावर कागद चिकटवलेला होता: ‘झाड. आत मी.’

मी म्हणजे कोण, ते लिहायचं राहिलंच होतं. पण कागदावरचा ‘झ’ उलटा होता, आणि असा ‘झ’ बाईंच्या लेकीच्याच हातून निघायचा. आईला आपण ओळखू येणार नाही, हे पोरीने आधीच ताडलं होतं. बाईंचे डोळे भरून आले, आणि नाटक सुरू व्हायच्या आधीच त्या उभ्या राहून टाळ्या पिटू लागल्या.