गडव्यावरचं नाव

चैत्रातल्या एका सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला, तेव्हा मी अंगणवाड्यांच्या भेटींचं आठवड्याचं वेळापत्रक लिहीत होते. राजुऱ्यात राहून वीसेक गावांच्या अंगणवाड्यांवर देखरेख ठेवायची, तर यादीशिवाय भागत नाही. बाजाराची यादी, लसींची यादी, परगावी जाताना पिशवीत काय टाकायचं याचीही यादी. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, "तुमच्या आईची फाईल पुन्हा उघडली आहे. शोध परत सुरू करतोय. तुम्हाला यावं लागेल." मी सवयीनं वार आणि वेळ लिहून घेतली. फोन ठेवल्यावर कागद पाहिला, तर माझंच अक्षर मला लागेना.

अकरा वर्षांपूर्वी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, माझी माय उजाडायच्या आधी टोपलं घेऊन गेली आणि परत आली नाही. माझं माहेरचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. आदल्या संध्याकाळी तिचं आणि मारोतीचं, माझ्या धाकट्या भावाचं, वाजलं होतं. वाघाचा वावर वाढलाय, एकटी जाऊ नको, असं तो सांगत होता. ती म्हणत होती की आपण जन्मभर याच जंगलात वेचत आलो. शेवटी तो ओरडला, "जाय मंग. जंगलातच राह्य." शेजारच्या चार घरांनी ते ऐकलं, आणि ती परत आली नाही तेव्हा चारही घरांना ते आठवलं.

तेव्हाचा शोध पंधरा दिवस चालला. नदीकाठचे मोह, विहिरी, शेततळ्यांसारख्या बोड्या, सगळं पाहून झालं. हाती काहीच लागलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी राजुऱ्याहून पोचले होते आणि मला जे येतं ते केलं होतं. चौदा मुद्द्यांची यादी. लुगड्याचा रंग, बांगड्या, रोजची वाट नदीकडची, सोबत पाण्याचा पितळी गडवा, त्यावर नाव कोरलेलं, सुशीला. आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर तिचं सासरचं नाव होतं, म्हणून तेच लिहिलं. नववा मुद्दा असा होता: मारोती त्या सकाळी कुठे होता? गोठ्याची जमीन त्याच आठवड्यात का उकरली? तो मुद्दा लिहिताना हात थांबला होता, हे मला आजही आठवतं. मग स्वतःला समजावलं की यादी अपुरी ठेवून चालत नाही. एक प्रत पोलिसांना दिली, एक कपाटात ठेवली. मारोतीला ती कधी दाखवली नाही.

माय दर चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जायची. लहानपणी मला बोटाला धरून न्यायची. ती गेल्यावर मी देवळात जाणं सोडलं. राग म्हणून नव्हे. ज्या कचेरीतून उत्तर येत नाही तिथं पुन्हा अर्ज द्यायचा नाही, ही नोकरीत लागलेली सवय मी देवीलाही लावली, इतकंच. बस चंद्रपुरातून जायची तेव्हा मी खिडकीबाहेर न पाहता पिशवीतले कागद चाळत बसायचे.

फाईल उघडणाऱ्या अधिकारी बाई नव्यानं बदलून आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पिवळा पडलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. "हे अक्षर तुमचं?" माझंच होतं. नवव्या मुद्द्याखाली कुणीतरी लाल रेघ मारलेली होती. "त्या वेळी हे तपासलंच गेलं नाही," त्या म्हणाल्या. "आता आम्हाला गोठा खोदावा लागेल."

दोन दिवसांनी जेसीबी आला. गाव कुंपणाला टेकून उभं. शेजारचा म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अकरा सालानं पोलिसायले गोठा दिसला. आता चूल खंदा म्हना, थेबी राह्यली." कुणी हसलं नाही. मारोतीनं बैल सोडून लिंबाला बांधले, गव्हाण स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि सावलीत उकिडवा बसला. मी उन्हात उभी होते. मला त्याच्याजवळ जाऊन बसता येईना. यंत्राचा पंजा खाली गेला की मी खड्ड्याकडे पाहायचे आणि लगेच नजर काढून घ्यायचे. मी काय मागत होते तेही मला कळत नव्हतं. माय सापडावी असं अकरा वर्षं वाटत आलं होतं, आणि आता ती इथे सापडू नये म्हणून मी दात आवळून उभी होते. मधेच मारोती उठून आला. "बाई, उनात काऊन उभी हायेस? चहा घे. त्याईलेबी दे, सकाळपासून राबून राह्यले बिचारे." त्यानं माझ्या हातात किटली दिली.

दुपारपर्यंत कमरेएवढं खोदून झालं. त्या साली ओल धरू नये म्हणून मारोतीनं जमिनीखाली घातलेली छपराची फुटकी कवेलू निघाली, बैलाच्या गळ्यातली एक जुनी घंटी निघाली. बाकी माती. अधिकारी बाईंनी पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि मला म्हणाल्या, "आता जंगल. तुमच्याइतकी माहिती कुणाकडे नाही. कुठून कुठवर पाहायचं, मांडून द्या." त्या कौतुकाला भुलून मी पुन्हा कागद घेतला. नदीकडच्या जंगलाचे आठ भाग पाडले आणि प्रत्येकापुढे वेळ टाकली.

राजुऱ्याहून पुन्हा निघाले त्या दिवशी चंद्रपुरात बस अडली. यात्रेची गर्दी रस्त्यावर आलेली, गाडी पुढे जाईना. लोक उतरून चालायला लागले, मीही उतरले. पाय देवळाकडे वळले ते मी वळवले असं म्हणता येणार नाही, गर्दीच तिकडे चालली होती. रांगेत उभी राहिले आणि सवयीनं पर्समधल्या कागदावर मागणी लिहिली. एक, माय सापडू दे. दोन, मारोतीचा संबंध नसू दे. तीन, मी लिहिलं ते त्याला कळू नये. गाभाऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मागून रेटा होता, हात जोडायलाही जागा नव्हती, कागद मुठीत चुरगळलेला. देवीच्या शेंदरी मुखाकडे पाहिलं आणि ते तीन मुद्दे एकाएकी फार लहान वाटले. पहिला दुसऱ्याच्या आड येत होता, तिसरा तर निव्वळ माझ्या सोयीचा. मनात एवढंच आलं, मला नीट मागतासुद्धा येत नाही, तूच बघ. पुढच्या क्षणी पुजाऱ्यानं मला पुढे सरकवलं. बाहेर आले तेव्हा कागद मुठीत नव्हता. कुणाच्या तरी पायाखाली गेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दहा-बारा जण माझा नकाशा घेऊन नदीकडे निघालो. जंगलाच्या तोंडाशीच वनरक्षक हात आडवा करून उभा. वाटेवरच्या धुळीत ताजे पंजे उमटले होते, एक मोठा आणि भोवती लहान. "वाघीन हाये मॅडम, पिलायसंगं. आज इकून नाई. जाचंच असन तं टेकडीच्या वाटेनं जा." मी वाद घातला. टेकडीकडे माय कधी जात नसे, ती वाट पलीकडच्या तालुक्यात उतरते, आपला सगळा दिवस वाया जाईल. वनरक्षक शांतपणे म्हणाला, "तुमचा कागद वाघिनीले दाखवता का बाई?" अधिकारी बाईंनी हसू दाबलं आणि टेकडीची वाट धरली. मी फणफणत मागून चालले.

खिंडीच्या जरा अलीकडे वाटेच्या कडेला दगडांचा एक ढीग होता, माझ्या छातीला लागेल एवढा. आमच्याकडे जंगलात असे ढीग असतात. जिथे वाघानं माणूस नेला तिथे लोक दगड मांडतात, आणि नंतर त्या वाटेनं जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवून पुढे जातो. पोलीस पुढे निघून गेले. समोरून एक म्हातारी येत होती, डोक्यावर मोहफुलांचं टोपलं. तिनं टोपलं उतरवलं, दगड उचलून ढिगावर ठेवला आणि मी तशीच चाललेली पाहून म्हणाली, "दगड ठेवल्याबिगर नोको जाऊ बाई. कोनाची तरी लेक हाये थे."

"कोणाची?" मी विचारलं.

"नाई मालूम. म्हनूनच तं सगळे ठेवतेत."

मला उशीर होत होता, पण तिच्या बोलण्यापुढे घड्याळ पाहवलं नाही. मी दगड ठेवला. मग तिनं ढिगाच्या कपारीतून एक काळवंडलेला गडवा काढला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि माझ्या हातात दिला, ढिगावर घालायला. मी पाणी घातलं. गडवा परत देताना बोटाला काठाखाली खडबडीत लागलं. भांड्यावर ठोकून कोरलेली अक्षरं. पदरानं पुसलं. "चि. कौसल्या हिस, मामाकडून."

कौसल्या हे माझ्या मायचं माहेरचं नाव. लग्नात बदललं. आमच्या घरी ते कुणी घेत नसे, फक्त तिचा मामा दिवाळीला आला की "कौसे" म्हणून हाक मारायचा आणि ती लहान मुलीसारखी धावत जायची. हा गडवा ती कुणाला वापरू द्यायची नाही. पितळी गडवा म्हणून तो माझ्या यादीत होता. नाव मात्र मी न बघता लिहिलं होतं.

मी तिथेच खाली बसले. म्हातारीला वाटलं ऊन लागलं. तिनं तिच्या फडक्यानं मला वारा घातला, आणि मी विचारत गेले तसं सांगत गेली. त्या साली तिच्या नवऱ्याला इथे हाडं दिसली होती, लुगड्याची चिंधी, फुटक्या बांगड्या. तो बांबू तोडायला आलेला, परवानगीशिवाय, म्हणून भ्याला. तरी त्यानं आपल्या गावच्या पोलीस पाटलाला गडव्यापुरतं विचारलं. पाटलाकडे आमच्या तालुक्यातून कागद आला होता, हरवलेल्या बाईच्या गडव्यावर सुशीला असं नाव आहे. "आमच्या गडव्यावर कौसल्या होतं. मंग हे दुसरीच कोनी, असं झालं," ती म्हणाली. "मानसाची हाडं उघडी कशी ठेवाची? बुढ्यानं मातीत घातली, दगड मांडले. तो गेला आता. मी ठेवतो."

"आणि टोपलं?" मला कसं सुचलं कोण जाणे.

"होतं नं. थ्या साली नदीकडं वाघ होता, म्हनून इकून आली असन. थ्या पल्याडच्या मोठ्या मोहाखालून भरून आनलं होतं तिनं. फुलं सांडली होती इथंच सगळी. तुमच्या गावाकडं तोंड करून चालली असन."

मी अधिकारी बाईंना हाक मारली. त्यांनी ढीग उघडण्याआधी म्हातारीला विचारलं. म्हातारीनं ढिगाला हात लावून आपल्या गोंडी बोलीत काहीतरी सांगितलं आणि मग होकाराची मान हलवली. पुढचं सगळं रीतसर झालं. माझं रक्त घेतलं, काही आठवड्यांनी अहवाल आला, फाईल बंद झाली. पण मला अहवालाची वाट पाहावी लागली नव्हती.

ढीग सापडला त्याच दुपारी मी मारोतीकडे गेले. तो खोदलेल्या गोठ्यात माती लोटत होता. मी सांगितलं. तो फावड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "टोपलं भरलं होतं का बाई?"

"भरलेलं होतं. घराकडं येत होती."

तो मातीतच बसला. अकरा वर्षं त्याला एवढंच हवं होतं, हे मला तेव्हा समजलं. ती आपल्या बोलण्यावर रुसून निघून गेली की फुलं वेचून परत येत होती, एवढंच. मी माझ्या नवव्या मुद्द्याचं बोलायला तोंड उघडलं. त्यानं हातानं थांबवलं. "मले मालूम हाये थे. तवाच्या जमादारानं वाचून दाखवलं होतं. तुही चूक नाई. मीबी सोताले तेच इचारत होतो, मीच मारलं का म्हनून." अकरा वर्षं हे माहीत असून त्यानं दर भाऊबीजेला मला साडी नेसवली होती, आणि दर वर्षी मोहफुलांची पुरचुंडी न विसरता पाठवली होती.

देवीनं काय केलं आणि काय आपोआप झालं, हे मी ठरवत नाही. वाघीण तिच्या पिलांसाठी तिथे होती, म्हातारी तिच्या रोजच्या वाटेनं येत होती. मला इतकंच ठाऊक आहे की माझ्या यादीनं मायला अकरा वर्षं अनोळखी ठेवलं, आणि जे तिला ओळखत नव्हते त्यांनी तिला एक दिवसही एकटं ठेवलं नाही. मी ज्या दिवशी हातातला कागद सोडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला त्या माणसांपर्यंत नेण्यात आलं. याद्या मी आजही करते, कामाला त्या लागतात. देवळात मात्र रिकाम्या हातांनी जाते.

अस्थी आम्ही वैनगंगेत सोडल्या. गडवा घरी आणावा असं मला वाटत होतं. मारोती म्हणाला, "राहू दे बाई, वाटेवरच्यायले लागते." या चैत्रात आम्ही दोघं खिंडीत गेलो. दगड पुन्हा रचलेले होते, पहिल्यापेक्षा वर. गडवा कपारीत होता, कुणीतरी चिंचेनं घासून लख्ख केलेला. मारोतीनं त्यात पाणी ओतलं, नाव बोटानं एकदा वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मायला त्या नावानं हाक मारली. मग त्यानं एक दगड ठेवला आणि एक मी.