दाजींच्या छातीचा कौल

आमच्या दाजींना, म्हणजे आक्काच्या नवऱ्याला, आतून कळतं. काय कळतं, कसं कळतं हे विचारायचं नाही. उदयसिंह हवालदार उजवा तळहात छातीवर ठेवतात, डोळे मिटतात आणि सगळं घर चहाचे कप हातात धरून निकालाची वाट बघत बसतं. मी लोणंदला तीस वर्षं गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत मला एकाही प्रश्नाचं उत्तर छातीत सापडलं नाही, त्यामुळे हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातो. दाजी म्हणून मान द्यावा लागतो, तो देतो. त्यापलीकडे त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही.

ही ख्याती फौजेत सुरू झाली. कुठेतरी डोंगराळ भागात असताना दाजी एका गाडीत चढले नाहीत आणि ती गाडी पुढच्याच वळणावर खड्ड्यात गेली. दोघांचे हात मोडले. दाजी सांगतात, "छातीतनं आवाज आला, उदयसिंह, चढू नगंस." पुढे त्यांच्याच पलटणीतला एक माणूस मला साताऱ्यात एका लग्नात भेटला. मी विषय काढला, तर तो हसायलाच लागला. "आवं मास्तर, कसला आवाज! त्यांचं त्या दिवशी पोट बिघडलं हुतं. डबा घिऊन गेल्यालं, तवर गाडी सुटली." मी हे आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना बोलू नगंस रं. लागंल मनाला."

निवृत्त होऊन दाजी गावी आले, वाळवा तालुक्यात. पाच एकर ऊस, कारखान्याचा पट्टा आणि ओट्यावर खुर्ची. म्हैस घ्यायची असो की पोराला कुठल्या कॉलेजात घालायचं ते ठरवायचं असो, माणसं यायची आणि विचारायची, "हवालदार, तुमाला काय वाटतंय?" खरं निघालं की ते दाजींचं. खोटं निघालं की, "तू मला नीट इचारलंच न्हाईस गड्या." असा धंदा मलाही जमला असता, पण थोडी लाज आड आली.

इथपर्यंत करमणूक होती. मग आक्काची थोरली, क्रांती, लग्नाला आली.

आमच्याकडे मुलीकडची पुरुष माणसं मुलाचं घर बघायला जातात. गाडी करायची, पोहे खायचे, गोठा बघायचा, विहीर बघायची. क्रांतीसाठी आम्ही मिरजेकडे गेलो तेव्हा दाजी त्या बैठ्या घराच्या सोप्यात पंख्याखाली टेकले, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मन लय शांत झालं." झालं, सुपारी फुटली. मन शांत करणारा तो जावई पिऊन आला की क्रांतीवर हात उचलायचा. दोन वर्षांनी ती कपड्यांची एक पिशवी घेऊन माघारी आली. यानंतर कुणाचीही छाती गप्प बसली असती. दाजी म्हणाले, "तिचं नशीब. माझं मन त्या दिवशी खरंच शांत हुतं."

त्यानंतर धाकटीची पाळी. प्रांजल औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, शहाणी आहे, कमी बोलते. तीन वर्षांत तिची नऊ स्थळं दाजींनी घालवली. साताऱ्याचा इंजिनिअर, कराडचा बँकेतला, सांगलीचा प्राध्यापक. घरात जायचं, घाम पुसायचा, छातीवर हात ठेवायचा आणि खाली आल्यावर सांगायचं, "मन घेत न्हाई." प्रांजलला अठ्ठाविसावं लागलं. आक्का देवळात जास्त आणि घरात कमी दिसायला लागली.

दहावं स्थळ मी आणलं. शिवतेज नावाचा मुलगा, कुपवाडला स्वतःचं वर्कशॉप, तीन मशिनं, सुपारीचंही व्यसन नाही. मी स्वतः चारी बाजूंनी चौकशी केली होती. राहायला तिसऱ्या मजल्यावर. आम्ही निघालो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दाजी मटकन पायरीवर बसले. शर्ट घामानं भिजलेला, ओठ पांढरे. "पाव्हणं, माघारी फिरा. एवढा मोठा नकार जन्मात आला न्हवता."

मी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि सांगलीत दवाखान्यात नेलं. आक्का आणि प्रांजल तासाभरात पोचल्या. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी विचारलं, "छातीत असं दाबल्यासारखं कधीपासून होतंय?"

"दाबल्यागत न्हवं मॅडम, कौल हाय त्यो," दाजी खाटेवरून म्हणाले. "स्थळ वाईट आसलं की येतो."

"जिना चढल्यावर येतो का?"

दाजींच्या आधी प्रांजलच बोलली, अगदी हळू. "साताऱ्याचं स्थळ चौथ्या मजल्यावर हुतं. कराडचं दुसऱ्या, जिना उभा. सांगलीला लिफ्ट बंद हुती." नऊच्या नऊ स्थळं तिनं सांगितली. एकही तळमजल्यावर नव्हतं.

मी हसलो. दवाखान्यात, आजारी माणसाच्या उशाशी मोठ्यानं हसलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तपासणीत निघालं, हृदयाच्या दोन शिरा नव्वद टक्के बंद होत्या आणि त्या शिरांच्या सल्ल्यानं आमच्या घरात सोयरिकी ठरत होत्या.

स्टेंट पडले. दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा कुपवाडला गेलो. या वेळी मी हट्टानं दोन्ही पोरींना बरोबर घेतलं. दाजी तिन्ही मजले न थांबता चढले, दारात उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा! कसं मोकळं वाटतंय. ह्येच घर." मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. या माणसाला आता सांगली जिल्ह्यातलं कुठलंही घर मोकळंच वाटलं असतं. पण माझं काम होत होतं, म्हणून मी तोंड आवरलं. माणसं चांगली होती, शिरा चांगला होता, साखरपुड्याच्या तारखेपर्यंत बोलणं आलं. मी जिंकलो होतो.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो. मागून प्रांजल म्हणाली, "मामा, मला हितं न्हाई करायचं."

"का? काय वाईट दिसलं?"

"काय न्हाई. सगळं चांगलं हाय. पण तिथं बसल्यापास्नं मला उठून यावंसं वाटत हुतं."

"हे काय कारण झालं? पोरगा बोलला का काही? त्याची आई बोलली? काहीतरी कारण सांग."

"कारण न्हाई."

"तुला काय कळतंय?" दाजी शेजारून ओरडले. "माझं मन मोकळं झालंय तिथं!"

आयुष्यात पहिल्यांदा दाजी आणि मी एका बाजूला होतो. मी आणखी जोरात बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात क्रांती म्हणाली, "मामा, हळदीच्या आदल्या दिवशी मी तुमाला माडीवर बोलवून घेतलं हुतं. आठवतंय का?"

आठवत होतं. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. ती म्हणाली होती, "मामा, मला त्या माणसाचं भ्या वाटतंय." मी विचारलं होतं, कारण काय? बावीस वर्षांची पोर. तिनं बराच वेळ शोधलं, तिला सापडलं नाही. कारण सांग, मी लग्न थांबवतो, असं मी म्हणालो होतो आणि मग, कारण नाही ना, असं म्हणून मांडवाकडे निघून गेलो होतो. ती माघारी आल्यापासून सगळा दोष दाजींच्या छातीवर ढकलून मी मोकळा हिंडत होतो. त्यांच्या छातीत निदान दुखत तरी होतं. मी तर पोरीच्या तोंडावर भीती बघून तिला पुरावा मागितला होता.

मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि शिवतेजच्या वडिलांना फोन लावला. जमत नाही म्हणून सांगितलं. ते गडबडले. "मास्तर, आमचं काय चुकलं का?"

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग कारण तरी सांगा."

"कारण नाही," मी म्हणालो. "मुलीला नको वाटतंय."

एवढंच म्हणायचं होतं. सहा वर्षांपूर्वी मिरजेला कळवायलाही एवढंच पुरलं असतं.