मेडच्या खोलीचं दार

दुबईत एका मालकाला जुन्या इंग्रजी थाटाचा व्हिला हवा होता, व्हरांडा आणि झडपांच्या खिडक्यांचा. नकाशा मीच काढला. स्वयंपाकघरामागची मेडची खोली बिनखिडकीची ठेवली आणि खिडकीशिवाय राहत्या खोलीला परवानगी मिळत नाही म्हणून नकाशात तिच्यावर ‘स्टोअर’ लिहिलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

झडपा करणारा सुतार दापोलीकडचा, पन्नाशीतला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. करवत लावण्याआधी तो फळीवर तळहात फिरवायचा. त्या खोलीच्या भिंतीवरूनही त्यानं तसाच हात फिरवला.

“सायब, इथं कोण राहणार?”

“मेड.”

“माझी आजी दापोलीत गोऱ्या सायबाच्या बंगल्यात राबायची. तिच्या खोलीला त्यानंसुद्धा खिडकी ठेवली होती. तुमी तर आपले ना?”

“यल्ला मिस्त्री, काम उरका.”

दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्या खोलीच्या दारालाच त्यानं हवेसाठी झडपा बसवलेल्या. मालक चिडेल म्हणून मी ते दार उतरवायला लावलं आणि बंद फळीचं बसवून घेतलं, त्याच्याच हातून. स्क्रू आवळताना त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

व्हिला ताब्यात घ्यायला मालक आला, तेव्हा त्या दारापर्यंत तो गेलासुद्धा नाही.