दादाची भीड

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. आमच्या दादाच्या बाबतीत ती माझ्याही आधी घरात आलेली थोरली बहीण होती. माझं त्याने कधी ऐकलं नाही, तिचं मात्र जन्मभर ऐकलं.

दादा शाळेत संगीत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना करायचा. रचना कपाटातच पडून राहायच्या, कारण कुणाला दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे याच्या जिवावर यायचं. शिकवणंही तसलंच. एखादी मुलगी पियानोवर धडधडीत चुकली तरी हा तिला मध्येच थांबवायचा नाही. "हिरमुसते गं," म्हणायचा. त्याच्या हाताखालून गेलेली निम्मी मुलं आजही चुकीचं वाजवतात, पण आनंदाने वाजवतात.

त्याची एकुलती एक लेक नवव्या वर्षी तापाने गेली. आंघोळ करताना ती एक धून गुणगुणायची, स्वतःच रचलेली, अर्धीमुर्धी. ती गेल्यावर वहिनीने पियानोच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दादाने मात्र ती धून घेऊन रचना लिहायला घेतली आणि वर्षानुवर्षं लिहीत राहिला. आधी सगळा वाद्यवृंद उसळतो, मग एकदम थांबतो. लांबलचक शांतता. आणि त्या शांततेनंतर एकटी बासरी लेकीची धून वाजवते.

अखेर शहरातल्या वाद्यवृंदाच्या नव्या संचालकाने ती रचना बसवली. दादा वहिनीला म्हणाला, "बाकीचं नको ऐकूस. शेवटी आपली पोर येते, तेवढ्यासाठी चल."

आणि वहिनीने चक्क ठेवणीतले कपडे काढले. मी आ वासून बघत राहिले.

सभागृह खच्चून भरलं होतं. आम्ही तिघं पहिल्या रांगेत, वहिनी मध्ये. वाद्यवृंद उसळला, थांबला. वहिनीने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात मागून कुणीतरी टाळी वाजवली. संपलं, असं वाटलं त्या शहाण्याला! मग काय, एका मेंढरामागे सगळी मेंढरं. अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. बासरीवाली ओठांशी बासरी धरून तशीच बसलेली. संचालक गोंधळला आणि वळून दादाकडे बघू लागला. काय करू, एवढंच विचारत होता बिचारा. दादाने नुसता हात वर केला असता, तरी लोक खाली बसले असते.

दादा उठला आणि लोकांपुढे वाकला.

बासरीवालीने बासरी मांडीवर ठेवली. वहिनीला काही कळेना. ती दादाची बाही ओढत विचारत होती, "अहो, झालं? आणि आपली पोर?"

घरी येईपर्यंत मी दादाला नाही नाही ते बोलले. दार उघडल्यावर तो वहिनीला म्हणाला, "इतक्या कौतुकाने उभे राहिले होते गं सगळे. त्यांना बसा कसं म्हणणार? ये, तुला पियानोवर वाजवून दाखवतो."

"नको," वहिनी म्हणाली. तिचा आवाजही चढला नाही. "घरात ती होतीच. आज चार लोकांत यायची होती. तुम्ही सगळ्यांची मनं राखलीत, आणि तिला बाहेरच उभं ठेवलंत."