शुक्रवारच्या यादीतलं तिसरं नाव

कंपनीत त्याला सगळे ‘कुलूप’ म्हणत. तोंडावर ‘कुलूपसाहेब’, पाठीमागे नुसतंच कुलूप. दुसऱ्या मजल्यावर सर्व्हरच्या खोलीला लागून त्याची बिनखिडकीची खोली होती आणि तिथल्या गारठ्यामुळे तो बारा महिने स्वेटर घालून बसायचा. पंपांचे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत चारशे कॉम्प्युटर होते. कोणी काय उघडायचं, काय नुसतं बघायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, हे सगळं त्या खोलीतून ठरायचं.

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायसन्स साठ आणि मागणारे नव्वद. ज्याने पंचेचाळीस दिवस ते उघडलं नाही त्याचं लायसन्स काढून दुसऱ्याला द्यायचं, असा नियम होता. हा नियम कळल्यापासून लोक दर सोमवारी सॉफ्टवेअर उघडायचे, एक रेघ मारायचे आणि बंद करून चहाला जायचे. त्याला ते सगळं दिसायचं. एका मोठ्या साहेबांनी दीड वर्षात सत्तर रेघा मारल्या होत्या आणि त्यातून साधा बोल्टही तयार झाला नव्हता. तो कधी काही बोलला नाही. नियमात ‘उघडलं पाहिजे’ एवढंच लिहिलं होतं, आणि ते उघडत होते.

बोलायचं नाही, हीच तर त्याची खरी नोकरी होती. कोण जाणार, हे त्याला जाणाऱ्याच्या आधी कळायचं. एचआरकडून कागद यायचा: नाव, काय काय बंद करायचं, कोणत्या दिवशी, किती वाजता. मग त्याच माणसाबरोबर लिफ्टमधून उतरताना तो उकाड्याबद्दल बोलायचा. बायको म्हणायची, “तुमच्याशी संसार म्हणजे बंद कपाटाशी संसार.” एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर गेला नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

त्या बुधवारी दुपारी असाच एक कागद आला. तीन नावं होती. पहिले गृहस्थ निवृत्त होत होते, दुसऱ्याने महिन्यापूर्वीच राजीनामा दिला होता. तिसरं नाव भाऊजींचं होतं.

भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ड्रॉइंग विभागात एकवीस वर्षं. त्याला या कंपनीत चिकटवलं होतं तेही त्यांनीच. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: ड्रॉइंगचं लायसन्स बंद, विभागाचे फोल्डर बंद, मंजुरीचा अधिकार बंद. शुक्रवार, संध्याकाळी सहा. माणसाची नुसती बदली असेल तर काय बंद करायचं आणि काय उघडायचं हे एकाच कागदावर यायचं. इथे उघडायचं काहीच नव्हतं. ईमेल बंद करण्याची ओळही नव्हती, हे त्याला खटकलं. पण एचआरवाल्यांचं काम नेहमीच अर्धवट, म्हणून त्याने ते सोडून दिलं. माणसं ओळखण्यापेक्षा परवानग्यांवरून माणसाचं पुढचं ओळखण्याची त्याला सवय झाली होती, आणि त्यात तो आजवर चुकला नव्हता.

त्याच संध्याकाळी ताईने जेवायला बोलावलं होतं. पानं वाढून झाल्यावर तिने नवऱ्याला डोळ्यांनीच खुणावलं.

“अरे, मला एक बोलावणं आलंय,” भाऊजी म्हणाले. “गावाच्या त्या टोकाला एक छोटी कंपनी आहे. उद्या दुपारपर्यंत हो की नाही सांगायचंय. मी नाहीच म्हणणार आहे. इथे सगळे ओळखीचे, सहा वर्षं राहिलीत, तीही इथेच काढावीत. तुला काय वाटतं?”

गप्प बसलो तर हा माणूस उद्या हातात आलेली नवी नोकरी सोडणार आणि परवा असलेलीही जाणार. बावन्नाव्या वर्षी कोण दारात उभं करतंय?

“घ्या ती नोकरी,” तो म्हणाला.

ताईचा वाढता हात तिथेच थांबला. भाऊजींनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. 

“तू हे सांगतोयस?” त्यांनी हळूच विचारलं.

“घ्या म्हणतोय ना.”

पुढे कोणी काही विचारलं नाही. तो एवढं बोलला म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं. गुरुवारी अकरा वाजता भाऊजींनी राजीनामा दिला, नोटिशीचा महिना साठलेल्या रजेत धरून.

शुक्रवारी तीन वाजता एचआरच्या बाई जिने चढून त्याच्या खोलीत आल्या. एरवी त्या फोनवरच भागवायच्या.

“तुमच्या भाऊजींचा सोमवारचा कागद येईल तुमच्याकडे, तो रद्द धरा,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “ड्रॉइंग विभागाचे प्रमुख होणार होते ते. साहेब सोमवारी स्वतः सांगणार होते. आता राजीनामाच आला, काय करता?”

त्याने ड्रॉवरमधून बुधवारचा कागद काढला. “मग बंद करायचं आणि उघडायचं एका कागदावर का नाही पाठवलंत?”

“तुम्हीच नव्हतं का लिहून दिलं? जुनं सगळं निघाल्याशिवाय नवं काही देऊ नका म्हणून. या महिन्यापासून लागू केलंय आम्ही.”

लिहून दिलं होतं, खरंच. लोक विभाग बदलताना जुन्या परवानग्या तशाच घेऊन फिरतात, गोदामातला माणूस अजून डिझाइन उघडू शकतो, अशी तीन पानी तक्रार त्याने वर्षापूर्वी केली होती. ती कोणी वाचलीच नाही असं वाटून तो महिनाभर धुसफुसत होता. 

“राजीनामा मागे घेतला तर?”

“राजीनाम्यावर साहेबांची सही सोमवारी सकाळी होईल. त्याआधी आले तर बघता येईल. पण आम्ही बोलवायला जाणार नाही.”

सहा वाजता त्याने तिन्ही नावं बंद केली. शनिवार त्याने घरात येरझाऱ्या घालण्यात घालवला. बायकोने दोनदा विचारलं, दोनदा तो ‘काही नाही’ म्हणाला. त्याला लाज वाटत होती, साधी, स्वच्छ लाज. रविवारी सकाळी तो ताईकडे गेला. सांगायचं, एवढं ठरवूनच गेला.

ताईने दारातच त्याचा हात धरला. “आठ दिवसांनी काल झोपले रे ते नीट,” ती म्हणाली. “तू नसतास तर कुठे गेलो असतो आम्ही? शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलंय मी, भाऊ असावा तर असा.” तिचे डोळे भरले होते.

भाऊजी आतून नवा शर्ट घालून आले. उद्यापासून तिकडे जायचं होतं, बाह्या लांब होताहेत का ते बघत होते. एकवीस वर्षांबद्दल ते काही बोलले नाहीत. ताई चहा ठेवायला आत वळल्यावर ते त्याच्याजवळ बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, 

“एकच विचारतो, पुन्हा कधी विचारणार नाही. यादीत नाव होतं ना माझं?”

आत कपबशा वाजत होत्या.

“होतं,” तो म्हणाला.