चुकण्याचा सराव

मी मूळची भित्री. कुणी नुसतं "जरा इकडं ये गं" म्हटलं तरी माझं काय सापडलं, हाच विचार आधी डोक्यात येतो. आता तेविशी उलटली तरी ही खोड गेलेली नाही. ती लागली आठवी-नववीच्या दोन वर्षांत, कारण त्या दोन वर्षांत मी आठवड्यातून दोनदा घरी खोटं सांगून कथक शिकायला जात होते.

आमचं घर पिंपळीत. ऊस, चार गाई आणि घराला लागूनच रान. घरात नाचाचं वावडं होतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पप्पांचे वडील, आमचे आबा, तरुणपणी गावच्या लेझमीच्या डावात सगळ्यांच्या पुढे असायचे, आणि ते सांगताना त्यांची मान अजून ताठ व्हायची. पंचमीला बायका फेर धरायच्या. हळदीला तर जी नाचणार नाही तिला हाताला धरून ओढायचे. पण हे सगळं घरच्या मांडवात. शिकून, पायात चाळ बांधून, चार परक्यांपुढे नाचायचं म्हटलं की लगेच अब्रू आडवी यायची.

मला हे चौथीत कळलं. शाळेच्या गॅदरिंगला मी नाचले आणि दुसऱ्या दिवशी डेअरीवर कुणीतरी पप्पांना म्हणालं, "तुमची पोरगी लई झ्याक नाचती की वो." ते कसं म्हटलं गेलं कोण जाणे, पण पप्पा रिकामी किटली घेऊन परत आले ते लालबुंद होऊन. किटली ओट्यावर आदळली आणि म्हणाले, "आपल्यात पोरी नाचत न्हाईत." आबांनी मान हलवली. विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. गोठ्यात शेण भरता भरता पाय चालायचेच. आईने ते पाहिलं होतं, पण ती बोलली काहीच नाही. आई म्हणजे कशी, तर आबा समोर आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढणारी, त्यांच्याशी कधी थेट न बोलणारी. मी मधे निरोप्या. "आबांना सांग, चहा झालाय." आबा दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू यायचं, तरी मी सांगायचं आणि मग आबांनी "आणा म्हणावं" म्हणायचं. अशी बाई आयुष्यात काही धाडस करील, असं कुणाला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं.

आठवीच्या सुरुवातीला आई मला स्कूटीवरून बारामतीला गणिताच्या शिकवणीला सोडायची. एक दिवस परत येताना तिने गाडी शेजारच्या जळोचीकडे वळवली. नव्या वस्तीत एका बाईंच्या घरचा हॉल रिकामा केलेला होता, आणि आत दहा-बारा मुली ओळीत पाय आपटत होत्या. आई दारातच चप्पल काढून उभी राहिली. "हिला शिकवा," ती बाईंना म्हणाली. "पण घरी कुणी विचारलं तर ही गणिताला येती."

घरी तिने सांगितलं, पोरीचं गणित कच्चं आहे, दुसरी शिकवणी लावली. गणित खरंच कच्चं होतं. आणि इथून माझ्या जिवाला घोर लागला, कारण दोन-दोन शिकवण्या लावलेल्या मुलीला गणितात पंचेचाळीस पडून चालणार नव्हतं. पप्पा डेअरीवर, सोसायटीत, कुणी भेटेल त्याला सांगायचे, "दोन शिकवण्या लावल्यात पोरीला, इंजिनियर करायचीय." मी पहाटे उठून उदाहरणं घोकायची ती इंजिनियर व्हायला नव्हे, चोरी सापडू नये म्हणून. माझ्याएवढा गणिताचा धसका कुण्या गणितज्ञानेही घेतला नसेल.

चाळ बाईंकडेच राहायचे. पण ताल काही तिथे ठेवून येता येत नाही. जेवताना माझी बोटं मांडीवर सोळा मात्रा मोजत राहायची. आबांनी एकदा विचारलं, "काय मोजतीस गं सारखी?" माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडेच बघत मला सांगितलं, "सांग आबांना, पाढे म्हणते म्हणून." आबा म्हणाले, "सोळाचाच पाढा दिसतोय. पुढं सरकंना." मला त्या रात्रभर झोप नाही. आबांना कळलं का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? मला एका गोष्टीची भीती सगळ्यात जास्त होती. माझा क्लास बंद झाला असता, ते वाईटच. पण "कुणी नेलं हिला?" हा प्रश्न आला असता आणि सगळं आईवर शेकलं असतं.

नववीच्या शेवटाला धाकट्या काकांचं लग्न ठरलं. मुलगी इंदापूरची. हळद आणि लग्न तिथल्याच एका कार्यालयात, आदल्या दुपारी हळद आणि दुसऱ्या दिवशी लग्न. त्यानंतर वीस दिवसांनी माझी कथकची पहिली परीक्षा होती. फॉर्मवर पालक म्हणून आईने सही केली होती. आता लग्न म्हटल्यावर नवऱ्यामुलाच्या पुतणीला हळदीत नाचावंच लागणार. नाचले नाही तर "हिला काय झालं?" आणि नाचले तर दोन वर्षं शिकलेले पाय कुठे लपवू?

मी ठरवलं, वाईट नाचायचं. ऐकायला सोपं वाटतं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दार लावून मी चार दिवस त्याचा सराव केला. पाय तालावर पडू लागला की मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा टाकायचा. हात ताठ ठेवायचे. आई एकदा बघायला आली, म्हणाली, "असंच. छान वंगाळ जमतंय."

हळदीच्या दुपारी कार्यालयात डीजे होता आणि जोडीला हलगीवाले. काकांना हळद लावून झाली, आत्या-माम्यांनी एकमेकींची तोंडं पिवळी केली आणि मग ओढाओढ सुरू झाली. आत्याने मला रिंगणात ढकललं. मी नाचले. प्रत्येक ठोक्याला उशिरा, प्रत्येक गिरकीला अडखळत. बायका हसल्या. आत्या म्हणाली, "शिकवण्यांनी पोरीचं पार लाकूड झालं." मला बरं वाटलं. चला, निभावलं.

तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या आबांनी हात वर केला. "बंद करा ते डबडं," ते डीजेवाल्याला म्हणाले. "निस्ती हलगी वाजू द्या. आन् ह्या पोरीला एकटीला नाचू द्या."

आबांनी स्वतः म्हटल्यावर सगळे मागे सरले. गोल मोकळा झाला. पप्पांनी हौसेने मोबाईल काढला. मी मधे एकटी. हलगी सुरू झाली, नुसती हलगी, कोरडी, कडक. एवढ्या स्पष्ट तालावर चुकायचं म्हणजे समोर दार उघडं असताना भिंतीवर जाऊन आदळायचं. माझा उजवा पाय उचलला गेला. तो खाली कुठे पडणार हे मला माहीत होतं आणि मला तो थांबवता येत नव्हता.

आणि तेवढ्यात आई आत आली. तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागली. नाचायला म्हणजे काय, जळमटं काढताना जशी माणसं हात फिरवतात तसे हात, आणि पाय भलतीकडेच. ती उड्या मारत होती. डोक्यावरून कधीच न ढळलेला तिचा पदर आबांच्या डोळ्यांदेखत कमरेला होता. आणि मग जो हशा उठला! आत्या पोट धरून खाली बसली. नवरीकडच्या बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. पप्पा व्हिडिओ काढता काढता डोळे पुसत होते. आई थांबली ती दम लागल्यावरच. कुणीतरी छेडलं तर म्हणाली, "साडी पायात येत होती." आत्या ओरडली, "व्हय व्हय, नाचता येईना अंगण वाकडं!"

मीही हसले. आता वाटतं, मी लाजेने मेले कशी नाही. पण तेव्हा सुटल्याचा आनंद एवढा होता की मी सगळ्यांबरोबर पोटभर हसले. फक्त आबा हसत नव्हते. ते खाली माझ्या पायाकडे बघत होते. मी पाहिलं तर हसता हसता माझा अंगठा फरशीवर हलगीचा ठेका धरून बसला होता. बरोबर ठोक्यावर.

ती संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाचं लग्न मी कसं काढलं ते मला विचारू नका. आबा पंगतीत बसले, व्याह्यांना भेटले, अक्षता टाकल्या, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी आईला कोपऱ्यात गाठून सांगितलं, "आबांना कळलंय." आई म्हणाली, "कळू दे." आणि तिने पदर आणखी पुढे ओढला.

लग्न लावून आम्ही चौघे गाडीने निघालो. पप्पा गाडी चालवत होते, आबा पुढे, मी आणि आई मागे. निमगाव गेलं. लासुर्ण्याच्या पुढे आबा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, तुला नाचता येत न्हाय."

आई मला म्हणाली, "आबांना सांग, चुकलं माझं."

"चुकलं कुठं म्हणतोय? येत न्हाय म्हणतोय. पोरीला येतंय. कुठं शिकती ती?"

पप्पा हसले. "शिकतीय कुठली आबा, गणितातनं सवड पायजे ना."

"तुला न्हाय इचारलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी निरोप घ्यायला तयार होते. पण ती माझ्याशी बोललीच नाही. पुढच्या सीटकडे बघून, या घरात आल्यापासून पहिल्यांदा, ती सासऱ्यांना थेट म्हणाली, "जळोचीला. बाईंच्या घरी. दोन वर्सं झाली. मी नेते."

पप्पांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या आणि ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. गाडीत आम्ही तिघं. मी कसंबसं विचारलं, "आबा, तुम्हाला कसं कळलं?"

"ज्याला ताल कळत न्हाय ना, त्यो कवातरी चुकून तालावर येतोच. तू एकदाबी आली न्हाईस. एवढं नेमानं चुकायला लई शिकावं लागतं." मग म्हणाले, "नाचताना म्होरं कोण असतं तुमच्यात?"

"कुणी नाही. एकटीनेच नाचायचं."

"मग ताल कोण धरतं?"

"मीच."

नंतर म्हणाले, "सुरू केलंय तर मधीच सोडू नकोस. पण घरात लपवालपवी न्हाय पायजे." एवढंच. दोन वर्षं ज्या माणसाला मी भ्याले त्याने दोन वाक्यांत सोडून दिलं. माझ्या जिवात जीव आला. पण चुकीच्या माणसाला भ्याले होते मी.

पप्पा परत येऊन बसले. गाडी सुरू केली आणि आरशातून आईला म्हणाले, "म्हंजी गणिताची दुसरी शिकवणी नव्हतीच?"

"न्हाय."

"मी साऱ्या गावाला सांगत फिरलो."

ते रागावून बोलले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात बोलले. त्या दिवसापासून त्यांनी आईशी अबोला धरला. मला म्हणायचे, "आईला सांग, वाढ म्हणावं." आई दोन हातांवर असायची. क्लासला ते कधीच आडवे आले नाहीत. हळदीचा व्हिडिओ मात्र भावकीच्या ग्रुपवर गेला होता, आणि जो येईल तो आईला नाच दाखवायला सांगायचा. ती हसून टाळायची. पप्पा तेव्हा उठून बाहेर जायचे.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. दोघं एका घरात परक्यासारखी. परीक्षा चार दिवसांवर आली असताना दुपारी आई भाकरी थापत होती, तिच्याजवळ जाऊन मी म्हणाले, "मी सोडते क्लास. पप्पांना सांगते, माझीच चूक होती, मी हट्ट केला म्हणून तू नेलंस. बोलतील ते तुझ्याशी."

आईने भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती व्हय म्हणेल. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता.

"आता सोडलंस," ती म्हणाली, "तर मी त्या समद्यांफुडं कशाला नाचले?"